सोर्स कोडपासून एपीकेपर्यंत: स्वतःचं पहिलं फ्लटर ॲप बनवा, आणि व्हॉट्सॲपवर आलेली एपीके ओळखायला शिका

घरात कुणाच्याही फोनमध्ये ॲप टाकायचं असलं की फोन तुमच्याच हातात येतो. काकांचं ई-पीक पाहणीचं ॲप, मावशीचं बँकेचं ॲप, शेजारच्या दादाचं गॅस बुकिंग. पिंपळनेर असो, साक्री असो की नवापूर, गावातला खरा 'आयटी विभाग' म्हणजे तुमच्यासारखी कॉलेजची पोरंपोरीच.

ही जबाबदारी आता लहान राहिलेली नाही. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली आणि पिकाची नोंद शेतकऱ्याने स्वतः फोनवरून करायची पद्धत आली. म्हणजे सातबाऱ्यावरच्या नोंदीपर्यंत ॲप पोहोचलं. त्याच काळात दुसरा प्रकारही वाढला. 'आरटीओ चलान', 'पीएम किसान', 'बँक केवायसी', अगदी 'लग्नपत्रिका' अशा नावांच्या एपीके फाइल व्हॉट्सॲपवर पाठवायच्या आणि इन्स्टॉल करणाऱ्याचं खातं रिकामं करायचं. असे गुन्हे देशभर घडले आहेत, अजूनही घडतात.

मग प्रश्न येतो: फाइलवर 'पीएम किसान' लिहिलंय, आयकॉनही तसाच आहे, तरी ती खोटी कशी असू शकते? याचं उत्तर वाचून अर्धं कळतं. एकदा स्वतः ॲप बिल्ड केलं की पूर्ण कळतं. म्हणून आजच्या लेखात आपण फ्लटर वापरून एक छोटं ॲप सोर्स कोडपासून तयार करणार आहोत, आपल्या फोनवर चालवणार आहोत, आणि त्याची एपीके बनवून ती उघडून तपासणार आहोत.

एक सूचना आधीच: या लेखात कमांड आणि फाइलची नावं देवनागरीत दिली आहेत. टाइप करताना ती इंग्रजी लहान अक्षरांत लिहायची.

सोर्स, बिल्ड आणि एपीके म्हणजे काय?

आपल्याकडे कळण्याची भाकरी करतात. ज्वारी आणि उडीद मोजून डब्यात भरायचे, गिरणीत न्यायचे, पीठ घेऊन यायचं. डब्यात धान्य असतं तोवर त्यात ज्वारी किती, उडीद किती, खडा आहे का, हे डोळ्यांना दिसतं. एकदा दळण झालं की पिठाकडे बघून ते सांगणं कठीण.

सोर्स कोड म्हणजे ते धान्य. माणसाने लिहिलेला, माणसाला वाचता येणारा मजकूर. बिल्ड करणं म्हणजे दळणं. आणि एपीके म्हणजे पीठ: अँड्रॉइड फोनला समजणारी बांधीव फाइल. तुम्ही प्ले स्टोअरवरून जे घेता ते सगळं दळून आलेलं असतं. आज आपण धान्य निवडण्यापासून सुरुवात करतोय.

क्रॉस-प्लॅटफॉर्म हा काय प्रकार?

अँड्रॉइडचं ॲप साधारणपणे कॉटलिन किंवा जावा भाषेत लिहितात, आयफोनचं स्विफ्टमध्ये. म्हणजे एकच ॲप दोन्हीकडे हवं असेल तर दोनदा लिहा, दोनदा चुका शोधा, दोनदा दुरुस्त करा. हा दुहेरी खर्च टाळण्यासाठी क्रॉस-प्लॅटफॉर्म साधनं आली. फेसबुकने २०१५ मध्ये रिॲक्ट नेटिव्ह सगळ्यांसाठी खुलं केलं. त्यात जावास्क्रिप्ट वापरतात. गुगलने ४ डिसेंबर २०१८ रोजी फ्लटरची १.० आवृत्ती आणली. त्यात डार्ट भाषा वापरतात.

दोघांत एक मोठा फरक आहे. रिॲक्ट नेटिव्ह फोनचीच तयार बटणं आणि मजकुराच्या चौकटी वापरतं. फ्लटर मात्र स्क्रीनवरचं प्रत्येक बटण स्वतः रंगवतं. त्यामुळे तुमचं ॲप जुन्या सॅमसंगवर आणि नव्या आयफोनवर जवळपास सारखंच दिसतं. फ्लटर फुकट आहे आणि त्याचा स्वतःचा सोर्स कोडही उघडा आहे.

'एकदा लिहा, सगळीकडे चालवा' हे ऐकायला छान वाटतं, पण एक अट लक्षात ठेवा. आयफोनसाठी बिल्ड करायला ॲपलचा मॅक संगणकच लागतो. विंडोज लॅपटॉपवर कोड लिहिता येतो, आयफोनचं दळण मात्र होत नाही. म्हणून आज आपण अँड्रॉइडपुरतंच बोलू.

तयारी: लॅपटॉप, जागा आणि डेटा

लॅपटॉपला किमान ८ जीबी रॅम असावी. १६ असेल तर उत्तम. हार्ड डिस्कवर २५-३० जीबी जागा मोकळी करून ठेवा. लॅपटॉपवर चालणारा नकली फोन, म्हणजे एम्युलेटर, रॅम फार खातो. त्यामुळे ८ जीबीवाल्यांनी तो टाळावा आणि स्वतःचा खरा फोन केबलने जोडावा. तसंही ॲप खऱ्या फोनवरच चालणार आहे.

आपल्याकडे खरी अडचण असते ती डेटाची. फ्लटर, अँड्रॉइड स्टुडिओ, अँड्रॉइडची एसडीके आणि पहिल्या बिल्डच्या वेळी आपोआप उतरणाऱ्या फाइल, हे सगळं मिळून बरेच जीबी होतं. रोजच्या दीड-दोन जीबीच्या पॅकवर हॉटस्पॉट लावून बसलात तर काम मध्येच अडकेल आणि अर्धवट उतरलेल्या फाइल पुढे विचित्र एरर देतील. यावर तीन उपाय आहेत.

पहिला, कॉलेजच्या लॅबमध्ये किंवा ज्यांच्याकडे फायबरचं कनेक्शन आहे त्यांच्या घरी बसून पहिलं बिल्ड पूर्ण करा. दुसरं बिल्ड होताना नेट फारसं लागत नाही.

दुसरा, मित्राने आधीच उतरवलं असेल तर फ्लटरची झिप फाइल आणि अँड्रॉइड स्टुडिओचा इन्स्टॉलर पेन ड्राइव्हवर आणा. यात गैर काही नाही.

तिसरा, पहिल्या बिल्डआधी लॅपटॉप पूर्ण चार्ज करून ठेवा. बिल्ड मध्यात असताना वीज गेली आणि लॅपटॉप बंद पडला की अर्धवट फाइल शोधून काढण्यातच संध्याकाळ जाते.

पायरी १: फ्लटर बसवणं

फ्लटरच्या अधिकृत साइटवरून एसडीकेची झिप घ्या आणि सी ड्राइव्हमध्ये एसआरसी नावाचं फोल्डर करून त्यात उघडा. 'प्रोग्राम फाइल्स'मध्ये ठेवू नका. तिथे लिहायला विंडोज दर वेळी परवानगी मागतं आणि नावात मोकळी जागा असल्याने काही साधनं गोंधळतात. मग फ्लटरच्या आतलं 'बिन' फोल्डर विंडोजच्या पाथमध्ये जोडा. पाथ म्हणजे कमांड टाइप केल्यावर विंडोजने ती कुठे कुठे शोधायची याची यादी.

नवी कमांड विंडो उघडून टाइप करा: फ्लटर डॉक्टर. नावाप्रमाणेच ही कमांड तुमच्या लॅपटॉपची तपासणी करते आणि काय बसलंय, काय राहिलंय ते बरोबरच्या आणि फुलीच्या खुणांनी दाखवते. सगळ्या ओळी हिरव्या होण्याची वाट बघू नका. आपल्याला 'फ्लटर' आणि 'अँड्रॉइड टूलचेन' या दोन ओळी हिरव्या हव्यात. व्हिज्युअल स्टुडिओवर फुली असली तरी चालेल, ते विंडोजचं ॲप बनवायला लागतं.

पायरी २: अँड्रॉइडची साधनं

अँड्रॉइड स्टुडिओ बसवा. त्याच्या एसडीके मॅनेजरमध्ये 'कमांड-लाइन टूल्स'समोर टिक करा. ही टिक राहून गेली की डॉक्टर तक्रार करत राहतो आणि नवशिके इथेच सर्वाधिक अडकतात. नंतर फ्लटर डॉक्टर, मोकळी जागा, दोन आडव्या रेघा आणि त्याला चिकटून 'अँड्रॉइड-लायसन्सेस' ही कमांड द्या आणि विचारेल तिथे वाय दाबा.

कॉलेजच्या अभ्यासासाठी जावाची जुनी आवृत्ती बसवलेली असेल तर इथे भांडण होऊ शकतं. फ्लटर डॉक्टरला डॅश व्ही जोडलं की कोणती जावा वापरली जातेय ते दिसतं. अँड्रॉइड स्टुडिओबरोबर योग्य जावा येतेच, तीच वापरली जाऊ द्या.

पायरी ३: फोन जोडणं

फोनच्या सेटिंगमध्ये 'अबाउट फोन' उघडा आणि 'बिल्ड नंबर'वर सलग सात वेळा टॅप करा. 'डेव्हलपर ऑप्शन्स' नावाचा नवा मेनू उघडतो. त्यात 'यूएसबी डीबगिंग' सुरू करा. काही कंपन्यांच्या फोनमध्ये 'इन्स्टॉल व्हाया यूएसबी' असा वेगळा पर्यायही असतो, तोही सुरू करावा लागतो.

केबल जोडली की फोनवर विचारणा येईल: या संगणकाला डीबगिंगची परवानगी द्यायची का? लॅपटॉप तुमचाच असेल तरच 'हो' म्हणा. आता फ्लटर डिव्हाइसेस ही कमांड द्या. फोनचं मॉडेल दिसलं म्हणजे जोडणी झाली. दिसलं नाही तर आधी केबल बदलून बघा. बाजारात मिळणाऱ्या बऱ्याच स्वस्त केबल फक्त चार्जिंगच्या असतात, त्यातून डेटा जातच नाही.

काम संपल्यावर यूएसबी डीबगिंग बंद करायला विसरू नका.

पायरी ४: नमुना ॲप तयार करणं आणि चालवणं

कमांड द्या: फ्लटर क्रिएट कॅरेट_मोजणी. नावात मोकळी जागा आणि मोठी अक्षरं चालत नाहीत, म्हणून मधे अंडरस्कोर. काही सेकंदांत त्या नावाचं फोल्डर तयार होतं. आत बऱ्याच गोष्टी दिसतील, पण आज तीनच ओळखा. 'लिब' फोल्डरमध्ये तुमचा डार्ट कोड असतो. 'अँड्रॉइड' आणि 'आयओएस' फोल्डरमध्ये त्या त्या फोनसाठीची वेष्टनं असतात. आणि 'पबस्पेक' नावाच्या फाइलमध्ये ॲपला बाहेरून कोणतं सामान लागतं त्याची यादी असते.

फोल्डरमध्ये जाऊन फ्लटर रन द्या. पहिल्या वेळी 'रनिंग ग्रेडल टास्क' या ओळीवर पाच, दहा, कधी पंधरा मिनिटंही जातात. अडकलंय असं समजून बंद करू नका. ग्रेडल हे अँड्रॉइडचं दळण यंत्र आहे आणि ते पहिल्यांदा लागणारं सगळं सामान उतरवून घेतं. पुढच्या वेळी हेच काम खूप लवकर होतं.

शेवटी फोनवर ॲप उघडतं. मधे एक शून्य, खाली कोपऱ्यात अधिकचं बटण. बटण दाबलं की आकडा एकाने वाढतो. जगभर फ्लटर शिकणारा जवळपास प्रत्येक जण याच ॲपपासून सुरुवात करतो.

पायरी ५: ते आपलं करणं

आकडा वाढवणारं ॲप निरुपयोगी वाटतं, पण टोमॅटोचे कॅरेट गाडीत चढताना मोजणाऱ्याला विचारा. बोलता बोलता मोजणी चुकते आणि मग वाद होतो. आपण याच नमुन्याचं कॅरेट मोजायचं ॲप करू.

लिब फोल्डरमधली 'मेन डॉट डार्ट' ही फाइल उघडा. 'यू हॅव पुश्ड द बटन' हे वाक्य शोधा. त्या जागी देवनागरीत लिहा: 'किती कॅरेट झाले?' अहिराणीत हवं तर 'कितला कॅरेट व्हयनात?' लिहा. फाइल सेव्ह करा आणि कमांड विंडोत आर दाबा. ॲप बंद न होता फोनवरचं वाक्य बदलतं. याला हॉट रीलोड म्हणतात. देवनागरीसाठी वेगळा फॉन्ट बसवावा लागत नाही, फोनमध्ये तो असतोच.

आता याहून मजेशीर गोष्ट. बटण दाबून आकडा ३७ वर न्या. मग कोडमध्ये 'इन्क्रिमेंट काउंटर' हे फंक्शन शोधा. त्यात काउंटरपुढे दोन अधिकची चिन्हं आहेत, म्हणजे 'एकाने वाढव'. त्या जागी 'अधिक बरोबर १०' लिहा, सेव्ह करा, आर दाबा. आकडा ३७ च राहतो, पण पुढच्या वेळी बटण दाबलं की ४७ होतो. नियम बदलला, मोजलेलं तसंच राहिलं. दहा-दहाची थप्पी मोजणाऱ्यांसाठी ॲप तयार.

त्याच फंक्शनमध्ये 'सेट स्टेट' असे शब्द दिसतील. ते काढून टाकले तर आकडा आतल्या आत वाढतो, पण स्क्रीनवर बदलत नाही. 'सेट स्टेट' म्हणजे फ्लटरला दिलेली हाक: माहिती बदललीय, स्क्रीन पुन्हा रंगव. फ्लटरमधलं निम्मं शिक्षण या एका ओळीत आहे.

ॲप पूर्ण बंद करून उघडलं तर आकडा पुन्हा शून्य. कारण तो फक्त फोनच्या मेमरीत होता, कुठे लिहून ठेवलेला नव्हता. तो साठवायला 'शेअर्ड प्रेफरन्सेस' नावाचं पॅकेज मिळतं. ते जोडणं आणि चुकून जास्त दाबलं तर वजाचं बटण करणं, हा तुमचा गृहपाठ.

दुसऱ्याचा सोर्स बिल्ड करायचा असेल तर

गिटहबवर फ्लटरच्या टीमने आणि इतर हजारो लोकांनी नमुना ॲप ठेवली आहेत. गिट क्लोनने कोड आणायचा, फ्लटर पब गेटने लागणारी पॅकेजेस आणायची आणि फ्लटर रन द्यायचं. ऐकायला तीन कमांड, पण इथे साधारण तीन प्रकारच्या अडचणी येतात.

पहिली, 'व्हर्जन सॉल्व्हिंग फेल्ड'. म्हणजे त्या ॲपला लागणारी डार्टची आवृत्ती आणि तुमच्याकडची आवृत्ती जुळत नाही. मे २०२३ मध्ये डार्ट ३ आली आणि तिने 'नल सेफ्टी' नसलेला जुना कोड चालवणं बंद केलं. त्यामुळे २०२१ च्या आधीचा बराचसा नमुना कोड आजच्या फ्लटरवर दुरुस्तीशिवाय चालत नाही. म्हणून क्लोन करण्याआधी शेवटचा बदल कधी झालाय ती तारीख बघा.

दुसरी, ग्रेडलची लांबलचक लाल एरर. डार्ट कोड ठीक असतो, अँड्रॉइड फोल्डर जुनं झालेलं असतं. सोपा मार्ग असा: फ्लटर क्रिएटने नवं कोरं ॲप बनवा, त्यात जुन्या ॲपचं लिब फोल्डर, चित्रांचं फोल्डर आणि पबस्पेकमधली यादी आणून ठेवा. बहुतेक वेळा काम होतं.

तिसरी, एखादी फाइलच नसते. फायरबेस वापरणाऱ्या ॲपमध्ये लेखक स्वतःच्या खात्याची फाइल गिटहबवर ठेवत नाहीत आणि ते बरोबरच आहे. तिथे तुमचं स्वतःचं खातं जोडावं लागतं.

एरर आली की शेवटची ओळ वाचून घाबरू नका. वर जाऊन 'व्हॉट वेंट राँग' हे शब्द शोधा. खरं कारण बहुतेक वेळा त्याच्या खालच्या दोन ओळींत असतं.

एपीके बनवणं

आतापर्यंत फोनवर चालत होती ती डीबग आवृत्ती. तिच्यात हॉट रीलोडची यंत्रणा असते, म्हणून ती मोठी आणि संथ असते. कोपऱ्यातली 'डीबग' पट्टी हीच तिची खूण. इतरांना द्यायला रिलीज आवृत्ती लागते: फ्लटर बिल्ड एपीके. यात डार्टचा कोड थेट फोनच्या प्रोसेसरच्या भाषेत रूपांतरित होतो. बिल्ड फोल्डरमध्ये ॲप, आउटपुट्स, फ्लटर-एपीके असं आत गेलात की 'ॲप-रिलीज डॉट एपीके' मिळते. ही फाइल बहुतेक अँड्रॉइड फोनवर चालेल.

आणि आता मुद्द्यावर येऊ. ही फाइल तपासून बघू.

नाव आणि आयकॉन: काहीच सिद्ध होत नाही

अँड्रॉइड फोल्डरमध्ये 'अँड्रॉइड मॅनिफेस्ट' नावाची फाइल आहे. तिच्यात 'लेबल' अशी एक ओळ आहे. तिथे 'कॅरेट मोजणी' लिहिलं की फोनवर तेच नाव दिसतं. 'मिपमॅप' फोल्डरमधली चित्रं बदलली की आयकॉन बदलतो. दोन्ही करायला पाच मिनिटं पुरतात.

जरा थांबून विचार करा. त्या ओळीत तुम्ही काय लिहिताय हे कुणी विचारलं का? बँकेचं नाव लिहिलं असतं, सरकारी योजनेचं लिहिलं असतं, तरी बिल्ड तसंच झालं असतं. फोनवर दिसणारं नाव आणि चित्र म्हणजे दुकानावरची पाटी. कुणीही रंगवून घेऊ शकतो.

सही: फक्त 'तोच माणूस' एवढं सिद्ध होतं

प्रत्येक एपीकेवर डिजिटल सही असावीच लागते, नाहीतर अँड्रॉइड ती इन्स्टॉल करत नाही. तुम्ही तर सही केली नाही, मग आपली एपीके चालली कशी? नव्या फ्लटर प्रोजेक्टमध्ये सोयीसाठी डीबगची आयती किल्ली लावलेली असते. एसडीकेच्या बिल्ड-टूल्स फोल्डरमधलं 'एपीके साइनर' हे साधन वापरून आपल्या फाइलची सही छापून बघा. त्यात सही करणाऱ्याचं नाव दिसेल 'अँड्रॉइड डीबग', संस्था 'अँड्रॉइड' आणि देश 'यूएस'. दळण पिंपळनेरात झालं आणि पावतीवर अमेरिका!

कारण या प्रमाणपत्रातली माहिती कुणी पडताळत नाही. स्वतःची किल्ली बनवताना तिच्यात हवं ते नाव लिहिता येतं. मग सहीचा उपयोग काय? उपयोग एकच, पण मोलाचा. फोनमध्ये असलेल्या ॲपवर नवी आवृत्ती चढवायची असेल तर ती त्याच किल्लीने सही केलेली हवी. दुसऱ्याने त्याच ओळखीची एपीके बनवली तरी अँड्रॉइड ती खऱ्या ॲपवर चढू देत नाही.

पण ठग हुशार असतात. ते खऱ्या ॲपवर चढायला जातच नाहीत. ॲपची एक आतली ओळख असते, तिला ॲप्लिकेशन आयडी म्हणतात. आपल्या ॲपची 'कॉम डॉट एक्झाम्पल' ने सुरू होते. आयडी वेगळा ठेवला की खोटं ॲप खऱ्याच्या शेजारी, त्याच नावाने, बिनदिक्कत बसतं.

म्हणजे पहिल्यांदा ॲप कुठून घेतलं हाच सगळ्यात मोठा प्रश्न. प्ले स्टोअरवर घेताना डेव्हलपरचं नाव बघा, आणि शक्यतो बँकेच्या किंवा सरकारी खात्याच्या अधिकृत साइटवरच्या लिंकवरून तिथे जा. एफ-ड्रॉइड नावाचं एक भांडार २०१० पासून आहे. ते खुल्या सोर्सची ॲप स्वतः सोर्सपासून बिल्ड करून देतं. दळण आपल्यासमोर झालं तरच घेऊ, हीच ती वृत्ती. व्हॉट्सॲपवर आलेल्या फाइलबाबत यातलं काहीच नसतं. धान्य दिसत नाही, गिरणी माहीत नाही, पीठ आणणाराही अनोळखी.

परवानगी: खरी कुंडली इथे दिसते

आपल्या ॲपच्या मुख्य मॅनिफेस्टमध्ये इंटरनेटची परवानगी नाही. ती डीबगच्या मॅनिफेस्टमध्ये असते. त्यामुळे आपलं रिलीज ॲप थेट इंटरनेटवर जाऊच शकत नाही. पुढे तुम्ही नेट वापरणारं ॲप बनवलं आणि डीबगमध्ये चालतं, रिलीजमध्ये चालत नाही असं झालं, तर आधी हीच ओळ तपासा.

ग्राहक म्हणून इथे एक महत्त्वाची गोष्ट कळते. इंटरनेटची परवानगी अँड्रॉइड वापरणाऱ्याला विचारत नाही, मॅनिफेस्टमध्ये लिहिली की मिळते. विचारणा येते ती एसएमएस, संपर्क, कॅमेरा, माइक, लोकेशन अशा गोष्टींची. आता जोडून बघा: एखाद्या ॲपने एसएमएस वाचायची परवानगी मागितली आणि इंटरनेट त्याच्याकडे आधीच आहे. म्हणजे तुमचा ओटीपी वाचून बाहेर पाठवायला लागणारं सगळं त्याच्या हातात आलं. चलान बघायला एसएमएस कशाला वाचावे लागतात? लग्नपत्रिकेला संपर्क कशाला हवेत? हे दोन प्रश्न घरच्यांना पाठ करून द्या.

त्याहून धोकादायक म्हणजे 'ॲक्सेसिबिलिटी'. दृष्टिबाधित आणि अपंग व्यक्तींसाठी केलेली ही सोय मिळाली की ॲप स्क्रीनवरचं वाचू शकतं आणि तुमच्या वतीने बटणं दाबू शकतं. २०२२ मधल्या अँड्रॉइड १३ पासून बाहेरून आलेल्या ॲपला ही सोय सहज मिळू नये म्हणून अडसर घातला आहे. तो अडसर कसा काढायचा हे एखादं ॲप किंवा फोनवरचा माणूस पायरीपायरीने शिकवू लागला, तर समजून जा.

२०१७ मधल्या अँड्रॉइड ८ पासून 'अनोळखी ॲप इन्स्टॉल करू द्या' ही परवानगी प्रत्येक ॲपला वेगळी द्यावी लागते. घरातल्या प्रत्येक फोनमध्ये व्हॉट्सॲप, ब्राउझर आणि फाइल मॅनेजर यांची ही परवानगी बंद आहे का, ते आजच बघा. हे दोन मिनिटांचं काम आहे.

आता पुढे काय?

ॲप मित्रांना द्यायचं असेल तर स्वतःची किल्ली बनवा आणि तिची प्रत पेन ड्राइव्हवर सांभाळून ठेवा. हाताने वाटलेल्या ॲपची किल्ली हरवली तर त्याच ॲपची पुढची आवृत्ती देता येत नाही. ती गिटहबवर कधीही चढवू नका.

प्ले स्टोअरवर टाकायचं असेल तर एकदाच २५ डॉलर भरावे लागतात. १३ नोव्हेंबर २०२३ नंतर उघडलेल्या वैयक्तिक खात्यांना आधी किमान १२ जणांकडून सलग १४ दिवस चाचणी करून घ्यावी लागते. कॉलेजच्या ग्रुपमध्ये १२ जण सहज मिळतील. 'कॉम डॉट एक्झाम्पल' मात्र तिथे चालत नाही, आयडी बदलावा लागतो.

गुगलने ऑगस्ट २०२५ मध्ये आणखी एक बदल जाहीर केला आहे: प्रमाणित अँड्रॉइड फोनवर इन्स्टॉल होणाऱ्या ॲपच्या डेव्हलपरची ओळख पडताळलेली असावी, मग ते ॲप प्ले स्टोअरबाहेरचं का असेना. सुरुवात सप्टेंबर २०२६ मध्ये ब्राझील, इंडोनेशिया, सिंगापूर आणि थायलंडपासून आणि २०२७ पासून इतर देशांत, असं वेळापत्रक त्यांनी सांगितलं. स्वतःच्या फोनवर केबलने ॲप टाकून शिकणं त्यातही चालू राहणार आहे.

आणि कुणी फसलंच, तर फोन लगेच फ्लाइट मोडवर टाका, दुसऱ्या फोनवरून १९३० या सायबर मदत क्रमांकावर आणि बँकेला कळवा. जितकं लवकर कळवाल तितकी पैसे गोठवले जाण्याची शक्यता जास्त. लाज वाटून रात्र घालवू नका.

पुढच्या वेळी काका व्हॉट्सॲपवरची एपीके दाखवून 'एवढी टाकून दे रे' म्हणाले, तर नुसतं 'नको' म्हणू नका. तुमच्या ॲपचं लेबल त्यांच्यासमोर बदला, आर न दाबता पूर्ण रन करा, आणि त्यांच्याच नावाचं ॲप त्यांना फोनवर दाखवा. कितीही समजावण्यापेक्षा ते पाच मिनिटांत पटेल.